किल्ली फिरवण्याआधी

वसईच्या वाड्यांमधल्या घरांत माळ्यावर, कपाटामागे किंवा बैठकीच्या खोलीतल्या खुंटीवर एखादी जुनी गिटार हमखास सापडते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965 नंतर, चर्चमधली उपासना लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली. नवी भक्तिगीतं आली आणि त्यांच्या साथीला गिटारही गायकवृंदात येऊन बसली. त्या काळच्या तरुणांनी हौसेने घेतलेल्या गिटारी आता त्यांच्या नातवंडांच्या हाती लागतात, तेव्हा तक्रार ठरलेली असते: तारा दाबताना बोटं दुखतात. त्यावरचा उपायही सगळ्यांच्या तोंडी एकच असतो: “ट्रस रॉड कसून द्या.”

मी सुतारकामातून या कामात आलो. लाकूड ओळखीचं होतं, वाद्य हळूहळू ओळखीचं झालं. गिरीजच्या माझ्या कामाच्या टेबलावर जुन्या गिटारींनी जे शिकवलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. सगळ्याचं सार आधीच सांगतो. तारा उंच जाण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला कसता येणारा रॉड, त्यांतल्या एकावरचाच इलाज आहे. दुखणं कोणतं हे कळेपर्यंत रॉडची किल्ली खिशात राहिलेली बरी.

1. गिटार आधी सुरात लावा, मग तपासा

तारा सैल असताना मानेबद्दल काढलेला निष्कर्ष फुकट जातो. ताण नसेल तर वाकलेली मानही सरळ दिसू शकते. म्हणून आहेत त्याच तारा, गंजलेल्या असल्या तरी चालतील, पूर्ण सुरात चढवायच्या आणि मग वरून खाली एकेक जागा तपासायची.

पहिली जागा म्हणजे नट, हेडजवळची खाचांची पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघा. ती जेमतेम केसाएवढी हवी. तिथे अर्धा मिलिमीटर जागा असेल तर एफ कॉर्ड धरताना हात थकणारच. त्यात मानेचा काही दोष नाही. बारीक कानशीने खाच उतरवली की काम संपलं.

दुसरी जागा म्हणजे मान, तिच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. तिसरी जागा ब्रिज. त्याच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज उचलला गेला आहे. चौथी जागा बॉडीची वरची फळी. तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. कुठे खुळखुळ ऐकू आली तर आतली एखादी पट्टी सुटली आहे. पाचवी जागा मान आणि बॉडीचा सांधा. हीलच्या, म्हणजे मान बॉडीला जिथे टेकते त्या जाड भागाच्या, बाजूने नखाएवढी जरी फट दिसली, तरी बाकीचं सगळं थांबवायचं आणि आधी सांध्याकडे बघायचं.

एवढं तपासायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि त्यात चुकीची अर्धी कामं टळतात.

2. मान अगदी सरळ नको, किंचित बाक हवा

वाजणारी तार आपल्या लांबीच्या मध्याजवळ सर्वांत जास्त हलते. तिला तेवढी जागा मिळावी म्हणून मानेला पुढच्या अंगाला बारीकसा बाक लागतो, तारा ओढून धरलेल्या धनुष्यासारखा, पण नजरेला मोठ्या मुश्किलीने दिसेल इतकाच. तो जास्त झाला तर मधल्या फ्रेटांवर तारा उंच जातात. तो नसला किंवा मान उलट मागे गेली, तर सुरुवातीच्या फ्रेटांवर तार चरचरते.

तो मोजायला महागडं हत्यार लागत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार स्वतःच सरळ पट्टीचं काम करते. आता सातव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट बघा. 0.2 ते 0.3 मिलिमीटर असेल तर मान निरोगी आहे. ही फट मोजायला गॅरेजवाले स्पार्क प्लगसाठी वापरतात तो फीलर गेज चालतो. तोही जवळ नसेल तर काढून टाकलेल्या पहिल्या तारेचा सरळ तुकडा जपून ठेवा. दहाच्या सेटची पहिली तार साधारण 0.25 मिलिमीटर जाडीची असते. वरची तार न उचलता तो तुकडा फटीतून सरकला आणि फार मोकळाही राहिला नाही, तर रॉडला हात लावायचं कारण उरत नाही.

मापाबरोबर नजरही वापरा. हेडकडून एक डोळा मिटून फिंगरबोर्डच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडा सारख्या वाकल्या असतील तर तो बाक. एक कड वर आणि दुसरी खाली दिसली तर तो पीळ. पीळ कोणताही रॉड काढू शकत नाही. तिथे फ्रेट काढून फिंगरबोर्डच रंधून सपाट करावा लागतो.

3. रॉडची हद्द ओळखा

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आपल्या मानेवर साधारण 40 किलोंचा ताण घेते. पोलादी तारांचा बाराचा सेट सुरात लावला की तोच ताण 70 ते 75 किलोंपर्यंत जातो, आणि तो वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू राहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलादी तारांचा वापर वाढला तसा मानेचा प्रश्न मोठा झाला. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी कमी-जास्त कसता येणाऱ्या रॉडसाठी 1921 मध्ये अर्ज केला आणि 1923 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. सगळ्यांनी ही सोय लगेच उचलली असंही नाही. मार्टिन कंपनीने कसता येणारा रॉड 1985 मध्ये स्वीकारला. त्याआधी त्यांच्या मानेत न फिरणारा पोलादी आधार असे.

रॉड फिंगरबोर्डच्या खाली, मानेत कोरलेल्या चरात बसतो. तो कसला की मान मागच्या बाजूला रेटली जाते आणि तारांच्या ओढीला तोंड देते. त्याची हद्द मात्र ठरलेली आहे. नटपासून बॉडी सुरू होईपर्यंतचा मानेचा बाक तो बदलतो. बॉडीशी मानेने केलेला कोन त्याच्या हद्दीबाहेरचा आहे. फुगलेली फळी, उचललेला ब्रिज, उंच नट, झिजलेले फ्रेट यांतलंही काही त्याच्या हातात नाही. जुन्या गिटारींवर झालेले बहुतेक अत्याचार ही हद्द न ओळखल्यामुळे झालेले दिसतात. तारा खाली याव्यात म्हणून कुणीतरी रॉड कसत गेलेलं असतं, मान मागे वाकलेली असते, आणि बाराव्या फ्रेटवरच्या तारा होत्या तिथेच असतात.

4. रॉड आहे का आणि कोणता आहे, हे आधी बघा

जुन्या गिटारींत तीन प्रकार भेटतात. एका प्रकारात रॉडच नसतो. दुसऱ्यात पोलादाची पट्टी किंवा नळी असते, पण ती फिरवता येत नाही. तिसऱ्यात रॉड फिरवायचा नट (तारांच्या खाचांचा नव्हे) असतो, तो हेडवरच्या छोट्या झाकणाखाली किंवा साउंडहोलच्या आत मानेच्या टोकाशी सापडतो. मानेवरून लोहचुंबक फिरवला की आत पोलाद आहे एवढं कळतं. ते फिरणारं आहे की नाही हे नट सापडल्यावरच ठरतं. साउंडहोलमधून बघायला लहान आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो.

किल्लीचं माप हा वेगळाच विषय आहे. अमेरिकी वळणाच्या गिटारींना इंचातली किल्ली लागते, बाकीच्यांना मिलिमीटरमधली. तीन सोळांश इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर. तिथे 5 ची किल्ली शिरत नाही, 4.5 ची सैल बसते आणि आतले सहा कोपरे गोल करून टाकते. कोपरे गेले की पाच मिनिटांचं काम आठवड्याचं होतं. किल्ली नटात तळापर्यंत बसली पाहिजे आणि हाताला तिचा जराही खेळ जाणवता कामा नये. तशी मिळेपर्यंत काम थांबलं तरी हरकत नाही.

5. एका वेळी पाव फेरीच्या पुढे जायचं नाही

नटाकडे तोंड करून किल्ली घड्याळाच्या दिशेने फिरवली की रॉड कसतो आणि बाक कमी होतो. उलट फिरवली की रॉड सैल होतो आणि बाक वाढतो. सुरुवातीला नटावर मार्करने एक खूण करा, म्हणजे आपण कुठून निघालो हे विसरत नाही. कसायचं असेल तर तारा आधी थोड्या उतरवा. तारांचा पूर्ण ताण आणि किल्लीचा जोर एकाच वेळी रॉडच्या आट्यांवर घालू नका.

पाव फेरी द्या, तारा परत सुरात लावा, बाक मोजा आणि गिटार रात्रभर ठेवून द्या. लाकूड लगेच हलतं तेवढं हलतं, उरलेलं सावकाश हलतं. सकाळचं माप रात्रीच्या मापापेक्षा वेगळं येतं हे मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि माझ्या लेखी सकाळचंच माप खरं. एक पूर्ण फेरी देऊनही फरक पडत नसेल तर किल्ली बाजूला ठेवायची. मग प्रश्न रॉडच्या कसण्याचा राहत नाही.

6. नट जाम असेल तर जोर मानेला द्या, किल्लीला नको

अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्याच्या पट्ट्यातून आलेल्या गिटारींत रॉडचा नट बहुतेक वेळा गंजलेला असतो. खारी हवा झाकणाखालीही पोचते. असा नट जोर लावून कसू पाहिला तर रॉड आटे असतात तिथेच तुटतो, कारण तिथे पोलाद सर्वांत बारीक असतं.

अशा वेळी मी आधी नट सैल करून बघतो. एकाच दिशेने काम करणाऱ्या जुन्या रॉडचा नट पूर्ण बाहेर येतो. आटे जुन्या टूथब्रशने साफ करायचे आणि सुईच्या टोकाने शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब आट्यांवर सोडायचा. तेल लाकडात उतरता कामा नये, नाहीतर पुढे तिथे सरस धरत नाही. नट आट्यांच्या शेवटापर्यंत पोचलेला असेल तर आत एखादा वॉशर घातला की त्याला पुन्हा जागा मिळते.

मग मुख्य युक्ती. तारा उतरवून मान पाटावर ठेवायची, दोन टोकांना फ्रेटांच्या बाजूने लाकडी ठोकळे द्यायचे आणि मध्ये क्लॅम्प लावून तिला हलकेच मागच्या बाजूला वाकवायची. मान हवी तिथे क्लॅम्पने आणली की नट बोटांच्या जोराने पुढे सरकतो. मान हलवण्याचं काम क्लॅम्प करतो आणि रॉड तिला फक्त धरून ठेवतो. जुन्या रॉडचं आयुष्य या एका सवयीने वाढतं.

7. पावसाळ्यातलं माप अंतिम मानू नका

गिटारीचे कारखाने 45 ते 55 टक्के आर्द्रता धरून वाद्य बनवतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 टक्क्यांच्या वर असते. लाकूड धाग्याच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं. वरच्या फळीच्या कडा बॉडीला चिकटलेल्या असल्यामुळे तिला बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून ती वर फुगते. ब्रिज वर जातो आणि तारा त्याच्याबरोबर वर जातात. वाजवणाऱ्याला वाटतं मान वाकली. मोजून बघावं तर मानेचा बाक जिथल्या तिथे असतो.

जुलैत अशी गिटार कसून दिली तर जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात फळी खाली बसते, तारा फ्रेटांना टेकतात आणि तीच गिटार चरचरत परत येते. म्हणून पावसाळ्यात मी नटाच्या खाचा, सुटलेला ब्रिज, तारा बदलणं एवढीच कामं करतो. मानेचे मोठे निर्णय पाऊस सरून हवा सुकल्यावर घेतो. नाताळच्या सरावामुळे नोव्हेंबरात सगळ्यांनाच घाई असते, म्हणून गायकवृंदांना सांगतो की गिटार दिवाळीच्या सुमारास दाखवून जा.

घरी काय करायचं तेही सोपं आहे. पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर गिटार टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. छोटा आकडे दाखवणारा आर्द्रतामापक केसमध्ये टाका. गिटार ओलसर झाली म्हणून उन्हात ठेवू नका. वरून झपाट्याने सुकलेली फळी तडकते.

8. मान सरळ आहे, तारा तरीही उंच, तर कोन तपासा

चाळीस-पन्नास वर्षं पोलादी तारांचा ताण सोसलेल्या गिटारीचं हे खरं म्हातारपण आहे. मान स्वतः वाकलेली नसते. बॉडीच सांध्यापाशी किंचित मिटते आणि मानेचा कोन पुढे कलतो.

तपासायला लांब सरळ पोलादी पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजकडे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावरून घासत गेलं पाहिजे. ते ब्रिजच्या कडेला आदळून खाली राहत असेल तर कोन गेला आहे.

इथे एक हिशेब कायम लक्षात ठेवावा लागतो. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे तार 1 मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) 2 मिलिमीटर घासावा लागतो. समजा बाराव्या फ्रेटवर जाड तार 4 मिलिमीटर वर आहे आणि ती अडीचवर हवी आहे. म्हणजे दीड मिलिमीटर कमी करायचा आणि त्यासाठी सॅडल 3 मिलिमीटर उतरवायचा. सॅडल ब्रिजच्या वर चार मिलिमीटर दिसत असेल तर उरेल एकच. तेवढ्याशा सॅडलवरून तार जेमतेम वळते, तिचा दाब फळीपर्यंत नीट पोचत नाही आणि आवाज दबतो. सॅडलमध्ये घासायला माल असेल तर घासा. तो संपला असेल तर सांधा उघडून कोन बदलणं हाच प्रामाणिक उपाय आहे.

किती लाकूड काढायचं याचाही हिशेब होतो. पट्टी ब्रिजच्या माथ्यापेक्षा जेवढी खाली पडते, त्या आकड्याला हीलच्या उंचीने गुणायचं आणि सांध्यापासून सॅडलपर्यंतच्या अंतराने भागायचं. पट्टी 3 मिलिमीटर खाली, हील 90 मिलिमीटर आणि 645 मिलिमीटर स्केलच्या गिटारीत चौदाव्या फ्रेटपासून सॅडल 287 मिलिमीटर. उत्तर येतं 0.94. हीलच्या खालच्या टोकाला एक मिलिमीटरही लाकूड काढायचं नाही, आणि तेही वर फिंगरबोर्डकडे जाताना शून्यावर आणायचं. हा आकडा हातात असला की पटाशी चालवताना मन शांत राहतं.

9. सांधा फोडायचा नाही, सोडवायचा

जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली होतं, रेल्वेचे रूळ बुडाले होते आणि वीज गेली होती. त्यानंतर नालासोपाऱ्यातल्या तळमजल्यावरच्या घरातली एक गिटार माझ्याकडे आली. हील बॉडीपासून इतकी सुटली होती की पोस्टकार्ड आत जावं. घेऊन आलेली मुलगी कॉलेजात शिकत होती.

“अंकल, पप्पांची आहे. मागून एक स्क्रू मारला तर घट्ट होईल ना?”

“स्क्रूने फट बुजेल गं, पण आतला सरस मेलेलाच राहील. ताण आला की लाकूड चिरेल. उघडू या, तेव्हाच कळेल.”

आधी गिटार केसमधून काढून, तारा उतरवून, सावलीत हवेशीर जागी आठवडेच्या आठवडे सुकू दिली. मग बॉडीवर टेकलेल्या फिंगरबोर्डच्या भागावर इस्त्रीची मंद ऊब देऊन पातळ सुरी सरकवत तो मोकळा केला. पंधरावा फ्रेट काढला आणि त्याच्या खाचेतून बारीक भोक पाडलं. मान बॉडीत जिथे अडकते त्या डव्हटेल सांध्यातली पोकळी बहुधा तिथेच खाली असते. प्रेशर कुकरच्या शिटीच्या जागी उष्णता सोसणारी नळी जोडून पुढे जाड सुई लावली आणि वाफ आत सोडली. हे काम हातमोजे आणि चष्मा घालूनच करायचं, आणि फळीवर ओघळणारं पाणी दुसऱ्या हातातल्या फडक्याने सतत टिपत राहायचं. हील हाताने हलकेच दाबत, सोडत राहिलो. काही वेळाने आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि मान सरळ वर निघून आली.

सांध्यात पुठ्ठ्याची पाचर निघाली. सांधा सैल कापला गेला होता आणि तो भरून काढायला ती घातलेली होती. पाण्याने पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. फट पडण्याचं मूळ तिथे होतं. नव्या पाचरा लाकडाच्या केल्या. सांधा सरसाशिवाय नुसता बसवला तरी हलता कामा नये, ही माझी कसोटी आहे. तशा बसेपर्यंत पाचर घासायची, बसवायची, पट्टी ठेवून ब्रिज बघायचा, मान परत काढायची. सरस लावण्याची वेळ येते तेव्हा सगळं काम आधीच झालेलं असतं.

पाचरांसाठी मी जुनं लाकूड जपून ठेवतो. वसईत कौलारू घरं पाडून इमारती उठत आहेत, आणि त्या घरांच्या चौकटी-तुळयांतला साग कित्येक दशकं सुकलेला असतो. नव्या लाकडासारखा तो नंतर आकसत नाही. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्यावा लागतो.

10. पुन्हा उघडता येईल असाच डिंक वापरा

आपल्याकडे लाकूड म्हटलं की हात पांढऱ्या फेविकॉलकडे जातो. खुर्ची-टेबलाला तो उत्तमच आहे. मानेच्या सांध्यावर मात्र सतत एकाच दिशेने ताण असतो आणि बंद गाडीत ठेवलेली गिटार चांगलीच तापते. अशा ताणात आणि उष्णतेत पांढरा डिंक हळूहळू सरकतो. अराल्डाइट सरकत नाही, पण वाफेलाही दाद देत नाही. पुढच्या दुरुस्तीची वाट तो बंद करून टाकतो.

म्हणून या एका सांध्याला मी जुना सरस वापरतो. तो रात्री पाण्यात भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60-65 अंशांपर्यंत तापवायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याची पकड जाते. तो लवकर गार होतो म्हणून सांध्याची दोन्ही अंगं आधी थोडी गरम करून घ्यावी लागतात. सुकल्यावर तो कडक होतो, सरकत नाही, आणि तीस वर्षांनी कुणाला सांधा उघडायचा झाला तर वाफेने सुटतो. त्याला ओल मात्र सोसत नाही. म्हणूनच सातव्या मुद्द्यातली काळजी घ्यायलाच हवी.

11. हेडची काळजी घ्या, तिथे लाकूड कमी असतं

विरार लोकलने गिटार नेणाऱ्या मुलांच्या गिटारी बहुतेक एकाच जागी मोडतात: नटाच्या मागे, हेड सुरू होतं तिथे. त्याला कारण आहे. रॉडचा नट हेडवर असेल तर त्याच्यासाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरून काढलेलं असतं, आणि हेड मागे कललेलं असल्यामुळे लाकडाचे धागे तिथे तिरपे तुटतात. गर्दीत पिशवीला खांब लागला किंवा गिटार उभी ठेवलेली आडवी पडली, तर तडा तिथेच जातो.

तडा ताजा असेल तर ही दुरुस्ती चांगली होते. तारा लगेच उतरवा, सुटलेले तुकडे हलवून बघत बसू नका, तुटलेल्या धाग्यांना बोट लावू नका आणि फेविक्विक तर मुळीच टाकू नका. तसेच आणून द्या. धागे जसेच्या तसे एकमेकांत बसले तर सांधा मूळ लाकडाइतका पक्का होतो. इथे मी रॉड पूर्ण सैल करूनच काम करतो, नाहीतर क्लॅम्पखाली तो तडा पुन्हा उघडायला बघतो. प्रवासाला निघताना तारा सूरभर उतरवणं आणि हेडच्या खाली पिशवीत टॉवेलची घडी ठेवणं एवढ्याने पुष्कळ गिटारी वाचतात.

12. लहान उपाय आधी, मोठा उपाय शेवटी

रॉड तुटलेला असेल तर फिंगरबोर्ड काढून नवा रॉड घालता येतो. ते कित्येक दिवस चालणारं काम आहे आणि साध्या गिटारीच्या बाजारभावापेक्षा त्याची मजुरी जास्त होते. म्हणून मालकापुढे मी पायऱ्या मांडतो. बाराच्या तारांऐवजी दहाच्या लावल्या तर ताण 60 किलोंच्या आसपास येतो आणि किंचित जास्त बाक असलेली मानही बरीच सावरते. त्यानंतर नट आणि सॅडल. मग फ्रेटांची लेव्हल. त्यानेही भागत नसेल तर जाड पायाचे फ्रेट घट्ट ठोकून बसवले की फिंगरबोर्ड ताणला जातो आणि मान थोडी मागे येते. रॉड नसलेल्या जुन्या गिटारींवर हा मार्ग चांगला लागू पडतो. सांधा आणि नवा रॉड शेवटी.

निर्णय मालकाचा. बाजारात जिला काही भाव येणार नाही अशी गिटार एखाद्या घरात अमोल असते, कारण त्या घरातली लग्नं आणि नाताळ तिच्यावर वाजलेले असतात. तिथे मजुरीचा हिशेब करून “नवी घ्या” असं मी सुचवत नाही. काय होईल, किती टिकेल आणि काय होणार नाही, हे मात्र काम हाती घेण्याआधी स्पष्ट सांगतो.

13. केलेलं काम लिहून गिटारीतच ठेवा

मिरजेला सतार आणि तानपुरा बनवणाऱ्या घराण्यांत ज्ञान पिढ्यान् पिढ्या हातातून हातात गेलं. मिरजेच्या त्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आजोबांनी कोणतं लाकूड कसं सुकवलं, जवारी कशी काढली, हे नातू शेजारी बसून बघतो. वसई-विरारमध्ये गिटार वाजवणारी घरं भरपूर आहेत, गिटार दुरुस्त करणारं असं घराणं मात्र नाही. माझ्यानंतर ही गिटार कोण उघडेल हे मला माहीत नसतं.

म्हणून काम संपलं की मी एक चिठ्ठी लिहून साउंडहोलमधून आतल्या पट्टीला चिकटवतो. तारीख, त्या दिवशीची आर्द्रता, तारांचा सेट, सातव्या फ्रेटचा बाक, बाराव्या फ्रेटवरची दोन्ही टोकांच्या तारांची उंची, रॉड किती फेरी फिरवला, सांध्यात कोणतं लाकूड आणि कोणता सरस. पुढच्या कारागिराला अंदाज करत बसावं लागत नाही. मालकालाही वर्षभराने तारा उंच वाटल्या तर जुना आकडा समोर ठेवून कळतं की मान हलली की नुसता पावसाळा आला. तुमच्या गिटारीत अशी चिठ्ठी नसेल तर आजच मापं घ्या आणि पहिली चिठ्ठी तुम्हीच लिहा. त्यासाठी किल्ली लागत नाही.